कूस

बाळाला पालथं करायला सिस्टरला दोन मिनिटं लागली. आधी तिने हात धुतले, एकमेकांवर चोळून कोमट केले. मग एक तळवा मान आणि डोकं यांच्याखाली, दुसरा कमरेखाली सरकवून त्याला किंचित उचललं आणि आधी नुसतं कुशीवर वळवलं. तिथेच थांबली. बाळाने दोन्ही हात झटकन बाजूला फेकले, पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा ९२ वरून ८७ वर आला. सिस्टर हलली नाही. तिचे तळवे तसेच बाळाच्या डोक्यावर आणि ढुंगणावर टेकलेले. आकडा सावकाश वर चढला तेव्हा तिने पुढचा अर्धा वळसा पुरा केला. गाल डावीकडे, गुडघे पोटाखाली, मुठी तोंडाजवळ. पोटावरची तापमानाची चकती काढून तिने पाठीवर लावली. सुती कापडाची जाड सुरळी करून भोवती गोल ठेवली. डोक्यावर घागर घेताना बायका करतात त्या चुंबळीसारखी, फक्त मोठी. पाच-सात मिनिटांनी आकडा ९४ झाला आणि तिथे टिकला. ऑक्सिजन वाढवला नव्हता, नवं औषध दिलं नव्हतं. कूस बदलली होती.

ते बाळ माझ्या भाचीचं. एकतिसाव्या आठवड्यात आलेलं, वजन १,३२० ग्रॅम. भाचीची आई हयात नाही, म्हणून धाराशिवातल्या त्या नवजात शिशु कक्षात तिच्यासोबत बसायला मी, मावशी. आमच्याकडे अशा बाळाबद्दल अजूनही ‘काचेत ठेवलंय’ असंच सांगतात. खरं तर आता बहुतेक ठिकाणी पूर्वीची बंद पेटी नसते. वरून ऊब देणारा वॉर्मर असतो आणि चारी बाजूंना आखूड पारदर्शक फळ्या. पण काच हा शब्द काही गेला नाही. बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं फोनवर गावाकडे तेच सांगत असतात, आणि पलीकडच्या माणसाला सगळं कळतं.

त्या सहा आठवड्यांत माझ्या मनात घोळत राहिला तो मात्र दुसरा शब्द. कूस. संस्कृतातल्या कुक्षीपासून आलेला. मराठीने त्याला इतकी कामं दिली आहेत की आश्चर्य वाटतं. बाईला दिवस गेले की कूस उजवते. झोप येत नाही तेव्हा माणूस या कुशीवरून त्या कुशीवर होतो. रडणाऱ्या पोराला आई कुशीत घेते. गाव बालाघाटच्या कुशीत असतं. पोटातली पोकळी, अंगाची बाजू, छातीशी धरलेली जागा, डोंगराचा आडोसा, या सगळ्याला एकच शब्द. मी चाळीस वर्षं मराठी शिकवली. तरी त्यातले पहिले तीन अर्थ एकाच जिवाच्या बाबतीत, एकाच खोलीत, एकमेकांवर आलेले मला तिथेच दिसले. एक कूस वेळेआधी सुटलेली. म्हणून आता कोणत्या कुशीवर ठेवायचं, हा दर दोन-तीन तासांनी पडणारा प्रश्न. आणि तो विचारणाऱ्या सगळ्यांना मनातून माहीत असलेलं, की खरं उत्तर तिसऱ्या कुशीत आहे.

पहिल्या दिवशी बाळाला पालथं केलेलं पाहून माझ्या विहीणबाई, म्हणजे भाचीच्या सासूबाई, फार घाबरल्या. कळंबकडच्या, शेतात राबलेल्या, पाच बाळंतपणं घरी केलेल्या. दारातूनच म्हणाल्या, ‘‘अवो सिस्टर, लेकराला उपडं नका टाकू. नाक दबलं तर?’’ सिस्टर हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, ‘‘आजी, मी इथंच आहे ना.’’ त्या वेळी मला ते नुसतं धीर देणं वाटलं. ते वैद्यकशास्त्र होतं, हे कळायला मला बराच वेळ लागला.

विहीणबाईंची भीती अडाणी नव्हती. आपल्या भाषेत पालथं हा शब्दच नकाराचा आहे. पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे आत काही जाणार नाही अशी अवस्था. आणि इथे तर पालथ्या देहात जास्त हवा शिरत होती. असं का होतं, ते समजून घ्यायला मोठ्या माणसाची छाती आणि त्या चिमण्या छातीत काय फरक आहे ते पाहावं लागतं.

आपल्या बरगड्या पाठीकडून पुढे येताना खाली उतरतात. श्वास घेतला की त्या बादलीच्या कडीसारख्या वर उचलल्या जातात आणि छाती रुंदावते. नवजात बाळाच्या बरगड्या जवळपास आडव्या असतात. उचलून वाढेल अशी जागाच नसते. त्यामुळे सगळा श्वास छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याने, श्वासपटलाने ओढायचा. हा पडदाही पूर्ण तयार नसतो. मोठ्या माणसाच्या श्वासपटलात न थकता काम करणारे तंतू निम्म्याच्या आसपास असतात, पूर्ण दिवसांच्या बाळात चौथाई, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात दहातला एक. शिवाय छातीचा पिंजरा हाडाचा कमी आणि कूर्चेचा जास्त. श्वासपटल जोर लावून खाली जातं तेव्हा हवा आत येण्याऐवजी ती मऊ छातीच आत खेचली जाते. पोट वर येतं, छाती खाली जाते. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बायका अशा बाळाकडे पाहून ‘पोटात ओढतंय’ म्हणतात. रुग्णालयात याच ओढण्याला गुण देतात: छाती-पोटाचा मेळ, बरगड्यांमधली ओढ, उरोस्थीखालची ओढ, नाकपुड्यांचं फुलणं, कण्हणं. डॉ. विल्यम सिल्व्हरमन आणि डोरोथी अँडरसन यांनी १९५६ मध्ये बसवलेली ही मोजपट्टी आजही वापरात आहे. तिला यंत्र लागत नाही. बाळाकडे पाहत उभं राहावं लागतं.

त्यातल्या कण्हण्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण ते ऐकून आईचं काळीज तुटतं आणि प्रत्यक्षात ती बाळाची हुशारी असते. फुप्फुसातले वायुकोश उघडे राहावेत म्हणून आतून एक स्निग्ध अस्तर लागतं, सर्फॅक्टंट. ते पुरेसं तयार होतं साधारण चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यात. त्याआधी आलेल्या बाळाचे वायुकोश प्रत्येक उच्छ्वासाला मिटू पाहतात. हे अस्तर नसणं हेच अशा बाळांच्या मृत्यूंचं कारण असल्याचं मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्ये दाखवलं. बाळ मात्र शास्त्राची वाट पाहत बसत नाही. ते श्वास सोडताना कंठ अर्धवट मिटून घेतं, हवा आत कोंडून धरतं, आणि त्या अडवलेल्या हवेचा आवाज म्हणजे ते कण्हणं. आमच्या बाळाच्या नाकाला लावलेला सीपॅप, म्हणजे सतत दाबाने हवा देणारी नळी, तेच काम बाहेरून करतो. जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१ मध्ये सीपॅपचा उपाय मांडला तेव्हा त्यांनी एका अर्थी बाळाचंच ऐकलं होतं.

आता पालथं केल्यावर काय होतं ते पाहू. गादी त्या मऊ छातीला पुढून टेकू देते. छाती आत ओढली जाणं कमी होतं, छाती आणि पोट एका लयीत येतात. फुप्फुसांचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताणं असताना हृदयाचं आणि पोटातल्या अवयवांचं ओझं त्याच भागावर येतं. पालथं केलं की तो भाग मोकळा होतो. २०२०-२१ च्या करोनात आपण सगळ्यांनी मोठी माणसं वॉर्डात पोटावर झोपवलेली पाहिली, त्याच्याही मागे बरंचसं हेच होतं. व्हेंटिलेटरवरच्या बाळांवर झालेले अभ्यास एकत्र मांडून पाहिले तर पालथं ठेवल्याने ऑक्सिजनचं प्रमाण एक ते तीन टक्क्यांनी वाढतं असं दिसतं. एक ते तीन. ऐकायला अगदीच थोडं. पण जे बाळ ८९ आणि ९२ यांच्या मधल्या उंबरठ्यावर दिवस काढतंय त्याच्यासाठी तीन म्हणजे अख्खं घर. आणि दुसऱ्या अभ्यासकांनी तितक्याच प्रामाणिकपणे सांगितलं आहे की आपणहून श्वास घेणाऱ्या बाळांमध्ये श्वास थांबण्याचे प्रसंग नुसत्या कूस बदलण्याने कमी होतात, असं सिद्ध झालेलं नाही. हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. कूस म्हणजे जादू नव्हे.

देहाची ठेवण आणि श्वास यांचं नातं आपल्याला नवं नाही. पतंजलीच्या आठ अंगांमध्ये आसन आधी येतं, प्राणायाम नंतर. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ज्ञानदेव योग्याचं बसणं किती बारकाईने सांगतात: जागा कशी, बैठक कशी, पाठीचा कणा कसा, आणि मग प्राण कुठून कुठे कसा जातो. तो अध्याय मी कितीतरी वेळा शिकवला. पण त्या सगळ्या विचारात एक गोष्ट गृहीत आहे: आसन ज्याचं त्याने घालायचं असतं. काचेतल्या बाळाला ते येत नाही. पूर्ण दिवसांचं मूल शेवटच्या आठवड्यांत अपुऱ्या जागेत मुडपून राहतं. त्या दाटीनेच त्याच्या स्नायूंना हातपाय जवळ घ्यायची सवय लागते. ही दाटी ज्याच्या वाट्याला आली नाही ते बाळ गादीवर बेडकासारखं पसरतं. पाय फाकलेले, हात दोन बाजूंना टाकलेले. त्याला मुडपून ठेवावं लागतं, कडा द्यावी लागते. ती कापडाची चुंबळ म्हणजे आईच्या पोटातल्या दाटीची नक्कल. त्याचं आसन दुसऱ्याने घालायचं, दुसऱ्याने मोडायचं, आणि श्वास मात्र त्याचा.

विहीणबाई बाहेरच्या बाकावर बसून हिशेब करत. ‘‘सातवा सरून आठवा लागला होता. सातमाशं जगतं, आठमाशाचं भ्या असतंय.’’ हे म्हणणं किती जुनं आहे! चरक आणि सुश्रुत सांगतात की आठव्या महिन्यात ओज आई आणि गर्भ यांच्यात अस्थिर असतं, म्हणून त्या महिन्यातला जन्म धोक्याचा. तिकडे ग्रीकांकडे हिप्पोक्रातीसच्या नावावर आठमाशा मुलांवर एक स्वतंत्र ग्रंथच आहे, आणि त्याचंही म्हणणं हेच. दोन दूरच्या संस्कृतींनी एकच चूक इतकी शतकं जपली. मी विहीणबाईंना सांगितलं की पोटातला प्रत्येक आठवडा जास्तीचा, आठवा सातव्याहून बराच. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना पटलं नसावं. पण ओज अस्थिर असतं, कधी इकडे कधी तिकडे असतं, ही कल्पना मी पुढे टाकून देऊ शकले नाही. पडद्यावरचा आकडा पाहत बसलं की ती अगदी खरी वाटते.

धाराशिव तालुक्यात तेरणेच्या काठी तेर आहे. प्राचीन तगर, परदेशी व्यापाऱ्यांनी ज्याची नोंद ठेवली. आणि गोरोबाकाकांचं गाव. तिथल्या दोन कथा लहानपणापासून ऐकलेल्या. एक कच्च्या मडक्याची: संतमंडळी जमलेली, मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबा थापटण्याने एकेकाचं डोकं तपासतात आणि नामदेवाला कच्चं ठरवतात. दुसरी अवघड. नामात तल्लीन झालेले गोरोबा चिखल तुडवताहेत आणि रांगत आलेलं त्यांचं मूल पायाखाली जातं. कीर्तनात ही कथा पुढे पंढरपूरला जाते, मूल परत येतं, टाळ्या पडतात. मी नेहमी त्या चिखलापाशीच अडकते. त्यांच्या बायकोपाशी, संतीपाशी. ती पाणी आणायला गेली होती आणि मुलावर लक्ष ठेवा म्हणून सांगून गेली होती. भक्तीच्या थोरवीबद्दल मला शंका घ्यायची नाही. माझ्या आईने त्याच देवळात नवस बोललेला. पण त्या कक्षात रात्री दोन वाजता बसले असताना मला वाटलं की ही कथा लक्षाची आहे. लक्ष एका वेळी एकाच जागी असतं, आणि लहान जीव त्या एका जागेवर जगतो.

कारण ही बाळं श्वास घ्यायला विसरतात. अक्षरशः. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून पिकलेलं नसतं. दहा सेकंद भराभर श्वास, मग पाच-सात सेकंद काहीच नाही, मग पुन्हा. एवढं चालतं. पण वीस सेकंद उलटले, किंवा त्याआधीच ठोके मंदावले, रंग निळसर झाला, तर ते थांबणं धोक्याचं. यावर दिलं जाणारं औषध म्हणजे कॅफिन; आपण कॉफीतून घेतो तेच. आणि त्याहून आधीचा उपाय म्हणजे तळव्याला टिचकी. मी मोजलं नाही, पण एका रात्रीत त्या सिस्टरने सहा-सात वेळा तरी पलीकडच्या बाळांच्या तळव्याला टिचकी मारली असेल. हलकी, पिकलेलं कलिंगड बघताना मारतात तशी. बाळ दचकायचं आणि श्वास घ्यायचं, जणू कुणी नावाने हाक मारली.

बाळाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे असतात, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची नाही, हेही याचमुळे. मधल्या थांबण्याने हिशेब चुकतो. मिनिटाला साठ किंवा जास्त झाले तर काळजी. पण साठपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईने काय करायचं? गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने यासाठी एक साधन केलं होतं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर बाळ आजारी. पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून ३९ गावांमध्ये घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली गेली, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा निष्कर्ष आला: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज आपल्या गावात तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येणारी आशाताई त्याच वाटेवरून चालत आली आहे. आमच्या तुळजापूर तालुक्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून घडवलं, तीही याच जातकुळीची गोष्ट. श्वास मोजणं म्हणजे एक मिनिट दुसरं काही न करणं. आपण कुणासाठी ते शेवटचं कधी केलं?

दहाव्या दिवशी सीपॅप निघाला आणि सिस्टर भाचीला म्हणाली, ‘‘बाळाची आई, चला, आता तुमची ड्यूटी.’’ पुढून उघडा गाऊन, मागे रेललेली खुर्ची. बाळाच्या अंगावर टोपडं, मोजे आणि लंगोट एवढंच. दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं, पालथं. पाय बेडकासारखे दुमडलेले, डोकं एका बाजूला वळवलेलं, हनुवटी किंचित वर. वरून पट्टा, त्यावर पदर. ही रीत कोलंबियातल्या बोगोटा शहरातली. १९७८ मध्ये तिथल्या सरकारी प्रसूतिगृहात एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवायची वेळ आली होती, तेव्हा डॉ. एदगर रे यांनी आणि त्यांच्यामागे डॉ. एक्तोर मार्तिनेझ यांनी आयांनाच पेटी केलं. टंचाईतून निघालेला उपाय श्रीमंत देशांच्या पेट्यांना भारी ठरला. महाराष्ट्रात मुंबईच्या केईएम रुग्णालयाने तो रुजवला. २०२१ मध्ये पाच देशांतल्या, त्यात आपल्या दिल्लीतल्याही, बाळांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला: बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर त्याला असं छातीशी घेतलं तर मृत्यू चौथाईने कमी होतात.

मी त्या खुर्चीसमोर स्टुलावर बसून पाहत होते. हेही पालथंच होतं. छातीला टेकू होता, पाठ मोकळी होती, मान वाकलेली नव्हती, म्हणजे शास्त्राचे सगळे नियम पाळलेले. फरक इतकाच की ही गादी वरखाली होत होती. तिलाही श्वास होता. भाचीच्या छातीच्या लयीवर बाळ उचललं जाई आणि खाली येई. त्याचा श्वास क्षणभर अडखळला तरी खालचा चालूच असे. पहिल्या दिवशी ती श्वास रोखूनच बसली होती. हलले तर काही होईल म्हणून. मी म्हटलं, ‘‘अगं, तू श्वास घे. त्यालाही तोच हवाय.’’ तिने डोळे मिटले आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळलं. आकडा ९५ होता. दुसऱ्या दिवशी जावई बसला, छातीवरचे केस आणि गळ्यातला तुळजाभवानीचा टाक बाजूला सारून. बाळाला तेही चाललं.

मानेचं एक सांगायलाच हवं, कारण घरोघरी नेमकी तिथेच चूक होते, आणि ती मायेपोटी होते. अशा बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि मागच्या बाजूला फुगीर. सपाट गादीवर उताणं ठेवलं तरी हनुवटी छातीकडे झुकते, मऊ श्वासनलिका नळीला बाक पडावा तशी दबते. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. म्हणून रुग्णालयात खांद्याखाली कापडाची बोटभर जाड घडी देतात. आणि घरी आपण काय देतो? मोहरीची उशी. डोकं गोल व्हावं म्हणून. विहीणबाईंनी ती शिवून तयार ठेवलेली, पिवळ्या खणाची, कडेला लाल गोट. सिस्टरने ती हातात घेतली, छान शिवलीय म्हणाली, आणि तीन महिने कपाटात ठेवायला सांगितली. झोळीचंही तसंच. दसरा झाला की भूम, वाशी, कळंबकडून ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. कोपीच्या आढ्याला नाहीतर फडाच्या कडेच्या बाभळीला लुगड्याची झोळी टांगलेली असते. तिच्यात मूल धनुष्यासारखं वाकतं. धष्टपुष्ट बाळाला ती ऊब. कमी दिवसांच्या बाळाला ती मानेचा फास होऊ शकते. पण सकाळी सहाला कोयता हातात घेणाऱ्या बाईने बाळ ठेवायचं तरी कुठे? विंचूकाट्याच्या जमिनीवर? हा प्रश्न कोणत्याही तक्त्यावर लिहिलेला नसतो आणि मला तो फार टोचतो. सल्ला देणाऱ्याने झोळी काढायला सांगताना तिच्या जागी काय ठेवलं, हे विचारलं पाहिजे.

घरी जायच्या दोन आठवडे आधी सिस्टरने अचानक बाळाला रोज उताणंच ठेवायला सुरुवात केली. आता विहीणबाईंचा आक्षेप उलटा. ‘‘पालथं किती गाढ निजत होतं. आता का काढलं?’’

‘‘आजी,’’ सिस्टर म्हणाली, ‘‘घरी मी नसणार.’’

या दोन वाक्यांमध्ये, ‘मी इथंच आहे’ आणि ‘मी नसणार’ यांच्यामध्ये, विसाव्या शतकातली एक फार मोठी शोकांतिका आहे. पाश्चात्त्य देशांत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बाळांना पालथं निजवा असा सल्ला रूढ झाला. बेंजामिन स्पॉक यांच्या घराघरांत गेलेल्या पुस्तकानेही तो दिला. बाळं गाढ झोपत, रडत कमी. आणि त्यातली काही सकाळी उठत नसत. गाढ झोप हाच पालथेपणाचा गुण, आणि तोच दोष; श्वास अडला तर बाळाला जाग यायला हवी, ती येत नाही. पुढे कुणी जुने कागद पुन्हा तपासले तेव्हा कळलं की १९७० पासूनच धोका दिसत होता. तेव्हाच सल्ला बदलला असता तर एकट्या ब्रिटनमध्ये १०,००० च्या वर, आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया मिळून ५०,००० बाळं वाचली असती. उताणं निजवण्याची मोहीम ब्रिटनमध्ये १९९१ ला आणि अमेरिकेत १९९४ ला सुरू झाली आणि असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना हा धोका इतरांहून जास्त. त्याच बाळांना, ज्यांना रुग्णालयात पालथं ठेवल्याने बरं वाटत होतं. ठेवण तीच, देह तोच. वर रोखलेला डोळा असेल तेव्हा ती औषध, नसेल तेव्हा घात. मी वैद्यकातलं जे थोडं वाचलं त्यात याइतकं मला कशानेच हलवलं नाही.

बाळ घरी आलं तेव्हा भाद्रपद वद्य पक्ष होता, वजन १,७९० ग्रॅम. मी नवस फेडायला तुळजापूरला गेले. घोर निद्रेचे दिवस. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, आणि वर्षातून तीन वेळा देवी सिंहासनावरून उतरून शेजघरातल्या पलंगावर निजते: नवरात्राआधी घोर निद्रा, दसऱ्यानंतर श्रम निद्रा, पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोह निद्रा. त्याआधी तिच्या गाद्यांमधला कापूस काढून पिंजला जातो, पुन्हा भरला जातो. महिषासुराला मारणारी अष्टभुजा देवी, आणि तिला माणसांचे हात उचलतात, आडवं ठेवतात, पांघरूण घालतात, ठरल्या पहाटे पुन्हा उभी करतात. लहानपणापासून पाहिलेलं. या वेळी मी फक्त ते हात पाहत होते. उचलताना एक तळवा कुठे जातो, दुसरा कुठे. रांगेत मागच्या बाईने मला पुढे सरकायला सांगितलं तेव्हा कळलं की मी दाटीत तशीच उभी होते.

घरी भाची रात्री दर तासाला उठायची. बाळ उताणं, बाजल्यावर नाही, जमिनीवरच्या कडक गादीवर, उशी नाही, तोंडाजवळ दुपटं नाही. ती नुसता पालथा हात त्याच्या पोटावर ठेवायची आणि हात वर येईपर्यंत थांबायची. मग झोपायची. विहीणबाई सुरुवातीला म्हणायच्या, इतकं काय. पुढे एका पहाटे मी उठले तर त्या स्वतःच अंधारात बसलेल्या, हात बाळाच्या पोटावर, ओठ हलताहेत. मला वाटलं नाव घेताहेत. जवळ गेले तर आकडे होते. एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस.

होळी होऊन गेल्यावरची एक दुपार. आलं त्या दिवसापासून मोजलं तर बाळ सात महिन्यांचं, यायला हवं होतं त्या दिवसापासून मोजलं तर पाचाचं. सतरंजीवर उताणं ठेवलेलं. त्याने पाय वर घेतले, कंबर वळली, खांदा अडकला, हात अंगाखाली सापडला, चेहरा लाल झाला आणि ते एकदम पालथं झालं. भाची धावली. त्याला उचलून पुन्हा उताणं केलं, सवयीने. ते पुन्हा पालथं झालं. तिने पुन्हा उताणं केलं. तिसऱ्यांदा तिने हात पुढे केला आणि तो तसाच ठेवला, बाळापासून वीतभर वर. बाळाने मान उचलली, इकडे तिकडे पाहिलं, थकलं, गाल सतरंजीला टेकवला. मग एका खांद्यावर भार देऊन सावकाश कुशीवर आलं, आणि धपकन उताणं.

स्वयंपाकघरातून विहीणबाईंनी विचारलं, ‘‘काय झालं गं?’’

‘‘काही नाही आई,’’ भाची म्हणाली. ‘‘त्याने कूस बदलली.’’